कोजागिरीची खुली मैफल : ध्वनिक्षेपक परवाना, रात्रीचे दहा आणि हद्दीवरचे डेसिबल

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
येत्या कोजागिरीला पुण्यात एका शाळेच्या मैदानावर शास्त्रीय गायनाची मैफल घ्यायची आहे. मैदान अंदाजे ९० बाय ६० मीटर. श्रोते पाच-सहाशे, प्रवेश विनामूल्य. एका आखूड बाजूला रहदारीचा रस्ता, एका लांब बाजूला भिंतीला लागून चार मजली सोसायट्या. फाटकापासून ऐंशी मीटरवर एक प्रसूतिगृह आहे.

तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.
१. ध्वनिक्षेपकाचा परवाना नेमका कोणाकडून आणि कोणत्या कागदांवर मिळतो?
२. आमच्यातले काही म्हणतात, कोजागिरी सण आहे, बारापर्यंत चालतं. खरंच चालतं का?
३. प्रसूतिगृहामुळे मैदान शांतता क्षेत्रात येतं का?

पोलिसांची गाडी आल्यावर गाणं अर्ध्यात थांबवायची वेळ येऊ नये, आणि शेजाऱ्यांनाही त्रास होऊ नये, एवढी इच्छा आहे.

जावक_क्रमांक
आधी कागदांचं सांगतो.

सगळ्याचा पाया म्हणजे केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम, २०००. त्यातला नियम ५ सांगतो की लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावायचा नाही. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे जातो. 'आपले सरकार'वर गृह विभागाच्या सेवांमध्ये ध्वनिक्षेपक परवाना आहे, तिथून ऑनलाइनही करता येतो. पण ऑनलाइन केला तरी ठाण्यात जाऊन गोपनीय शाखेच्या अंमलदारांना भेटा. बंदोबस्ताचं नियोजन तेच करतात आणि अर्जात काय कमी आहे तेही तेच सांगतात.

अर्जासोबत जोडायचं ते असं: शाळेच्या संस्थेचं ना हरकत पत्र (मुख्याध्यापकांचं चालत नाही, जागेच्या मालक संस्थेच्या सचिवांचं लागतं), आयोजकाचं ओळखपत्र आणि पत्ता, साऊंडवाल्याचं पत्र, त्यात स्पीकर किती व कोणते, हमीपत्र, कार्यक्रमाची वेळ, आणि जागेचा नकाशा. नकाशा हातानं काढला तरी चालेल, पण त्यात मंच, स्पीकरचं तोंड कुठे, चारही हद्दींची अंतरं, जवळचं रुग्णालय हे सगळं दिसलं पाहिजे. सहसा कोणी नकाशा जोडत नाही. जोडलात तर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

मांडव घालणार असाल तर महापालिकेची परवानगी आणि अग्निशमन दलाचं ना हरकत वेगळं. रस्त्यावर वाहनं लागणार असतील तर वाहतूक शाखा वेगळी. हे दोन्ही आधी आणा, कारण ठाण्यात पहिला प्रश्न तोच येतो. महिनाभर हाताशी ठेवून सुरुवात करा.

जावक_क्रमांक
एक राहिलं. अर्जात वेळ लिहिताना ध्वनिचाचणीची वेळही लिहा. 'कार्यक्रम सायं. ६ ते ९.४५' एवढंच लिहिलंत आणि दुपारी तीनला साऊंडवाल्यानं 'हॅलो, चेक' सुरू केलं, तर ते परवान्याबाहेर झालं. दुपारी मुलं झोपलेली असतात, पहिली तक्रार तेव्हाच जाते.

रानजाई
बारापर्यंतचं मी सांगते. नियम ५(३) नुसार सण, सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ सूट देता येते. कोणते दिवस, हे आधी जाहीर करावं लागतं. जिल्हाधिकारी दर वर्षी यादी काढतात. गणेशोत्सवाचे काही दिवस, नवरात्रातले काही, शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, ३१ डिसेंबर असे दिवस त्यात येतात, एखाददोन दिवस राखीव ठेवलेले असतात. कोजागिरी बहुधा नसते. त्यामुळे 'सण आहे' हे कारण पुरत नाही, त्या वर्षीच्या यादीत तारीख हवी. यादी मागवून घ्या आणि तिची प्रत फायलीत लावा.

तिहाई
मग दहाला माईक बंद करायचे आणि पुढे बिनमाईकची बैठक! कोजागिरीचं दूध बाराला, तोवर गाणं तर हवंच.

रानजाई
@तिहाई, मन तेच म्हणतं, पण नियम तसं म्हणत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीची बंदी फक्त ध्वनिक्षेपकावर उरलेली नाही. त्यात वाद्य आणि आवाज निर्माण करणारं कुठलंही साधन आलं. सूट आहे ती बंदिस्त जागेतल्या वापराला: सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर, भोजनगृह. उघड्या मैदानात दहानंतर तबला वाजला तर तोही कक्षेत येतो. कापडी पडदे लावलेला मांडव बंदिस्त धरला जात नाही, आणि सोसायटीची गच्चीसुद्धा नाही.

गच्चीवरचा_वारा
गच्चीबद्दल आणखी एक. खासगी जागेची मर्यादा जास्त कडक आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. खासगी जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा फक्त ५ जास्त. निवासी भागात दिवसा म्हणजे ६०. कोजागिरीला गच्चीवर पार्टी स्पीकर लावणाऱ्यांनी हे वाचावं.

डेसिबल_दादा
आता आकड्यांवर येऊ, कारण परवाना हातात असूनही कार्यक्रम बंद पडतो तो इथेच.

मानकं dBA Leq मध्ये आहेत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतात तसे मोजलेले डेसिबल (डीबीए), त्यांची ठरावीक वेळेची सरासरी. निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी: ६५ आणि ५५. शांतता क्षेत्र: ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०.

तुमचं मैदान निवासी धरलं तर दहाच्या आत हद्दीवर ६५ ची मर्यादा. आणि हे नीट लक्षात घ्या: बारापर्यंत सूट असलेल्या दिवशीसुद्धा सुटते ती फक्त वेळ, पातळी सुटत नाही. दहा वाजले की मानक ४५ वर येतं, हद्दीवर मर्यादा ५५. तीच मैफल, तेच मैदान, आणि एका मिनिटात दहा डेसिबल कमी. फार थोड्या आयोजकांना हे माहीत असतं.

हिशेब मांडतो. मंच रस्त्याच्या विरुद्ध टोकाला, स्पीकर रस्त्याकडे तोंड करून. समोरची हद्द ८० मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. ८० मीटरवर ६५ हवे असतील तर ३५ मीटरवरच्या शेवटच्या रांगेत ७२ मिळतात, पहिल्या रांगेत ६ मीटरवर ८७. ख्याल गायकीला हे भरपूर झालं. पण हद्दीवर ५५ करायचे तर शेवटच्या रांगेत ६२ उरतात. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेवढा आवाज, त्यात पाचशे लोकांची कुजबुज. तिथे तानपुरा ऐकू येणार नाही. म्हणून तुमच्यासाठी दहाच्या आतला कार्यक्रमच योग्य.

मधुमालती
८० मीटर ही समोरची हद्द झाली. बाजूच्या सोसायट्या मंचापासून फार तर २५-३० मीटरवर आहेत ना? खरी अडचण तिकडे आहे.

डेसिबल_दादा
@मधुमालती, बरोबर पकडलंत. बाजूला स्पीकरचा आवाज समोरच्यापेक्षा कमी असतो, पण किती कमी हे स्पीकरवर आणि स्वराच्या उंचीवर अवलंबून. मधल्या आणि तार स्वरांत चांगला फरक पडतो, खर्जात जवळजवळ काहीच नाही. मंच सोसायट्यांपासून दूरच्या लांब बाजूकडे सरकवा आणि दोन्ही स्पीकर थोडे आत, श्रोत्यांच्या मध्याकडे वळवा. समोरच्या बाजूला आवाज कमी पडतो म्हणून टॉप (उंचावर लावायचे मुख्य स्पीकर) वर चढवून तोंड सरळ ठेवायची साऊंडवाल्यांना सवय असते. तोंड खाली, शेवटच्या रांगेकडे झुकवायला सांगा, नाहीतर आवाज डोक्यांवरून थेट समोरच्या इमारतींत जातो.

आणि मीटर जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर कुंपणाची भिंत त्याला आडोसा देते. चौथ्या मजल्याला तो आडोसा नसतो. हद्दीवर ६३ आले म्हणून निर्धास्त राहू नका, वरच्या मजल्यावरही एकदा मोजून बघा.

कोपरा_सभा
एवढं करण्यापेक्षा दोन मोठ्यांऐवजी आठ छोटे स्पीकर श्रोत्यांत पसरा. प्रत्येकानं आठ-दहा मीटरच भागवायचं. मागच्यांना उशीर लावून द्यायचा: आवाज एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे २० मीटर मागच्या स्पीकरला ५८, वर दहा-पंधरा जास्त द्या, म्हणजे आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. हद्दीवर फार कमी पोचतं.

डेसिबल_दादा
@कोपरा_सभा, तत्त्व मान्य, पण 'फार कमी' म्हणू नका. आठ सारखे स्पीकर म्हणजे लांबून ९ डेसिबलची भर. शिवाय शेवटचे दोन हद्दीच्या जवळ जातात. पसरलेले स्पीकर तेव्हाच कामाचे, जेव्हा प्रत्येकाची पातळी खरोखर उतरवली जाते आणि तोंडं मैदानाच्या आत असतात. साऊंडवाला आठही पूर्ण उघडणार असेल तर दोनच बरे. या मैदानाला मंचाशी दोन आणि मध्यावर उशिराचे दोन, एवढे पुरतील.

कोपरा_सभा
चार, ठीक. दोघांचं समाधान झालं.

धैवत_कोमल
तक्रारी नेमक्या कशाच्या येतात हे बघा. बहुतेक वेळा गायकाच्या आवाजाच्या नसतात, बेसच्या असतात. डीबीए मोजणी कानासारखी खर्जाकडे दुर्लक्ष करते: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ६३ ला २६. म्हणून मीटर ६२ दाखवतो आणि शेजारच्या घरात खिडकीची काच थरथरते. खर्ज भिंतीतूनही आत जातो, दार लावून थांबत नाही.

शास्त्रीय मैफलीला वेगळे बेसचे खोके लागतच नाहीत. साऊंडवाला 'पॅकेजमध्ये आहेत' म्हणून आणेल, उतरवूच देऊ नका. ६० हर्ट्झच्या खाली सगळं कापा. गाण्याच्या माईकला ८०-१०० पासून कापलं तरी चालतं. डग्गा त्याच्या वरच्या भागात चांगला भरून येतो, तबलजींना ध्वनिचाचणीत ऐकवा म्हणजे त्यांचीही खात्री पटेल.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट मंचावरचे मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर. त्यांचं तोंड कलाकारांकडे, म्हणजे मंचाच्या मागे! गायकाला तानपुरा हवा, पेटीवाल्याला तबला हवा, असं करत ते वाढत जातात आणि मंचामागच्या हद्दीवर मुख्य स्पीकरपेक्षा जास्त आवाज करतात. मंचाच्या मागे घरं असतील तर आधी मॉनिटर मोजा.

रातराणी_पुणे
ऑक्टोबरमधली एक गोष्ट जोडते. आकाश निरभ्र असलं की सूर्यास्तानंतर जमीन भराभर थंड होते आणि वरची हवा उबदार राहते. अशा वेळी वर गेलेला आवाज परत खाली वळतो आणि लांबवर पोचतो. पाच वाजता ध्वनिचाचणीत हद्दीवर जे आकडे आले ते रात्री नऊला तसेच राहतील असं धरू नका. नऊला पुन्हा मोजा.

बंदिश_वेडा
थोडं अवांतर. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटेलाच ऐकायला मिळायचे. दहाच्या मर्यादेनंतर तो दुपारी सुरू व्हायला लागला. त्यामुळे दुपारचे राग मंचावर आले, भीमपलासी, मुलतानी असं बरंच काही पुन्हा ऐकू यायला लागलं, हे खरंच. पण मालकंस, दरबारी मोकळ्या आभाळाखाली त्यांच्या वेळेला ऐकणं संपलं. हे नुकसान मोठं आहे आणि ते कोणी तरी बोललं पाहिजे.

मधुमालती
@बंदिश_वेडा, नुकसान मान्य. पण ऐंशी मीटरवर प्रसूतिगृह आहे हेही धाग्यात वर लिहिलेलं आहे. रात्री दोनला बाळंतीण झोपली पाहिजे. मालकंस बंद सभागृहात त्याच्या वेळेला होऊ शकतो, नियम अडवत नाही. सभागृहवाले रात्रीची भाडी परवडतील अशी ठेवतील तर रात्रीच्या मैफली परत सुरू होतील. मागणी तिकडे करूया.

बंदिश_वेडा
ही मागणी योग्य आहे. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

रानजाई
प्रसूतिगृहाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मूळ कल्पना अशी की रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटर हे शांतता क्षेत्र. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनं ठरलं की शासनानं तसं घोषित केल्याशिवाय जागा शांतता क्षेत्र होत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं या दुरुस्तीला दिलेल्या अंतरिम स्थगितीला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये स्थगिती दिली. म्हणजे आज विचारायचा प्रश्न हा: ही जागा घोषित यादीत आहे का? पोलीस ठाण्यात लेखी विचारा. घोषित असेल तर ध्वनिक्षेपकाचा विषयच संपतो, दुसरं मैदान बघा.

घोषित नसेल तरी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना जाऊन भेटा. त्यांच्या खोल्या कोणत्या बाजूला आहेत ते बघून मंचाची दिशा ठरवा.

टेम्सकाठची_सई
लंडनहून. तुलनेसाठी सांगते, इथल्या मराठी मंडळींना उपयोग होईल. इंग्लंडमध्ये परवाना नसलेल्या जागी कार्यक्रम करायचा तर स्थानिक कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते. २१ पौंड, दहा पूर्ण कामकाजाचे दिवस आधी, ४९९ माणसांपर्यंत. या ४९९ मध्ये कलाकार आणि स्वयंसेवकही मोजतात, इथेच लोक अडकतात. पोलिसांसोबत पर्यावरण आरोग्य विभागालाही हरकत घेता येते, आणि आवाजाची हरकत बहुधा तिकडूनच येते. खुल्या मैफलींसाठी आवाज मोजतात तो शेजारच्या घराच्या दर्शनी भिंतीपासून एक मीटरवर, १५ मिनिटांची सरासरी. मैदानाच्या हद्दीवर नाही. @डेसिबल_दादा म्हणतात तो चौथ्या मजल्याचा मुद्दा त्यात आपोआप येतो.

हडसन_मराठी
न्यूयॉर्क शहरात परवाना पोलिसांच्या प्रिसिंक्टमध्येच (स्थानिक ठाण्यातच) मिळतो, पाच दिवस आधी अर्ज, पहिल्या दिवसाला ४५ डॉलर. उद्यानात असेल तर उद्यान विभागाची परवानगी आधी दाखवावी लागते.

जावक_क्रमांक
म्हणजे जागेच्या मालकाचं पत्र आधी, हे सगळीकडे सारखंच.

तिहाई
साऊंडवाल्याकडे मीटर असतो का? मोबाईलमधलं ॲप चालेल?

डेसिबल_दादा
अंदाजाला ठीक, वाद घालायला नाही. मोबाईलचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी असतो, खर्ज कापतो आणि मोठा आवाज दाबतो. क्लास २ चा मीटर भाड्यानं घ्या, सोबत ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर (मीटर बरोबर दाखवतो का ते तपासायचं साधन). सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेट करून नोंद ठेवा.

त्याहून महत्त्वाचं: गाणं बंद असताना पार्श्वभूमी मोजा. रस्त्याकडच्या हद्दीवर संध्याकाळी साडेसातला नुसत्या वाहनांनीच ६५ ओलांडलेले असू शकतात. तशात तुमचे ६० मिळवले तरी मीटर ६६ च दाखवणार. हे सांगता यायचं तर स्पीकर बंद असतानाची पंधरा मिनिटांची नोंद हवी, तारीख, वेळ आणि जागेसह. मध्यंतरात पुन्हा एकदा घ्या. पोलीस मोजायला आले की नोंदवही दाखवा, स्पीकर दोन मिनिटं बंद करून त्यांच्याच मीटरवर फरक दाखवा.

शेजारधर्म
मीटरच्या आधी माणसं. आठवडाभर आधी प्रत्येक इमारतीच्या सूचना फलकावर पत्र लावा: तारीख, सुरू आणि बंद व्हायची नक्की वेळ, आणि एक मोबाईल नंबर. तो नंबर ज्याच्याकडे आहे त्यानं पहिल्या रांगेत गाणं ऐकत बसायचं नाही. त्यानं साऊंडवाल्याच्या मिक्सरजवळ उभं राहायचं आणि फोन आला की दोन मिनिटांत आवाज उतरवून परत फोन करायचा. लोक ११२ लावतात ते बहुतेकदा दुसरं कोणाला सांगायचं हेच माहीत नसतं म्हणून.

तक्रार झालीच तर कोणी केली हे पोलिसांना विचारू नका. तक्रारदाराचं नाव उघड करू नये असे उच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. आणि परवाना असला तरी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. वाद न घालता आधी आवाज उतरवा, मग कागद दाखवा.

गच्चीवरचा_वारा
दंडाचंही लिहून ठेवतो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये आता तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, एप्रिल २०२४ पासून.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळात वाचून दाखवलं आणि बारापर्यंतचा आग्रह सुटला. आता असं ठरतंय:

ध्वनिचाचणी दुपारी ४ ते ५. मैफल ६ ते ९.४५. बेसचे खोके नाहीत, चार टॉप, मंच सोसायट्यांपासून दूर. दूध पावणेदहानंतर, माईक नाही, वाद्य नाही.

एकच रुखरुख, चंद्राखाली गाणं व्हायचं होतं.

रातराणी_पुणे
ते होतंयच की! पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. ऑक्टोबरात सव्वासहाच्या आसपास धरा. साडेनऊपर्यंत तो चाळीसेक अंश वर आलेला असेल. मंच अशा बाजूला ठेवा की श्रोत्यांची तोंडं पूर्वेकडे येतील.

बंदिश_वेडा
नऊनंतर केदार किंवा बिहाग अगदी वेळेत बसतो. मध्यंतर आठच्या आत संपवा म्हणजे उत्तरार्धाला पुरेसा वेळ मिळेल.

जावक_क्रमांक
@मंद्रसप्तक, दोन दुरुस्त्या. सत्कार आणि आभार सुरुवातीलाच उरका. मैफली दहाच्या पुढे जातात त्या गाण्यामुळे कमी आणि शाल-श्रीफळामुळे जास्त. भैरवी ९.३० ला सुरू होईल असं कलाकारांना आधीच, मानधनाच्या पत्रात लिहून द्या.

दुसरं, परवान्याच्या तीन प्रती काढा: एक तुमच्याकडे, एक साऊंडवाल्याकडे, एक फाटकावरच्या स्वयंसेवकाकडे. गाडी फाटकावरच थांबते.

धैवत_कोमल
जनरेटर कुठे ठेवणार? नकाशात तोही दाखवा. आवरण असलेल्या संचालासुद्धा एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा असते, आणि तो तुमच्या आवाजातच मोजला जाणार. सोसायट्यांच्या भिंतीला लावू नका, रस्त्याच्या कोपऱ्यात ठेवा, धुराड्याचं तोंड रस्त्याकडे. केबल लांब पडेल, साठ-सत्तर मीटर सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी तो मंचामागे येतो.

मंद्रसप्तक
जनरेटर मंचामागेच धरला होता. नकाशा बदलतो आणि सोमवारी संस्थेच्या पत्रासाठी अर्ज देतो.